लॉजिक, एफएल की रीपर? आधी तुमचा ठेका सांगा

पत्र

मी लष्करात राहते आणि घरीच गाणं शिकवते. माझं शिक्षण माधव संगीत महाविद्यालयात झालं. काही अभंगांना आणि भावगीतांना मी चाली लावल्या आहेत, त्या आता घरीच नीट रेकॉर्ड करायच्या आहेत. पेटी मी वाजवते, तबल्याला दीर आहेत. शिवाय विद्यार्थ्यांना आपापल्या पट्टीत रियाज करता यावा म्हणून ट्रॅक करून द्यायचे आहेत. रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर कुठलं घ्यावं, यावर पुण्याचा भाचा म्हणतो, "मावशी, मॅकबुक घे आणि लॉजिक टाक, बाकी सगळी खेळणी आहेत." एक विद्यार्थी एफएल स्टुडिओ पेन ड्राइव्हवर फुकट आणून द्यायला तयार आहे. इथल्या एका स्टुडिओत भजन रेकॉर्ड करायला गेले होते, तिथले भैया म्हणाले, प्रो टूल्सशिवाय आवाजाला वजन येत नाही. पुण्याच्या ज्या अरेंजरकडून पुढे गाणी सजवून घ्यायची आहेत, तो क्यूबेसवर काम करतो. मग मलाही तेच घ्यावं लागेल का? माझ्याकडे ८ जीबी रॅमचा विंडोज लॅपटॉप आहे आणि हाताशी ४५,००० रुपये. इंग्रजी जेमतेम. काय बघून ठरवू?

— एक गायिका, लष्कर, ग्वाल्हेर

उत्तर

ताई, चौघांनी मिळून तुमच्यापुढे चार नावं ठेवली, पण तुम्ही गाता कशा आणि रेकॉर्ड काय करणार, हे एकानेही विचारलेलं दिसत नाही. माझ्या मते खरा प्रश्न तोच आहे.

आधी त्या 'वजना'चा निकाल लावू, कारण ही समजूत फार जुनी आहे आणि तिच्यापायी लोक भलता खर्च करतात. रेकॉर्ड झालेली एक वेव्ह फाइल, म्हणजे आवाज जसाच्या तसा साठवणारी फाइल, घ्या. दोन वेगवेगळ्या सॉफ्टवेअरमध्ये ती घाला, कसलाही इफेक्ट लावू नका, सेटिंग सारखं ठेवा आणि दोन्हीकडून ती पुन्हा बाहेर काढा. आता बाहेर आलेल्या दोन्ही फायली एकाखाली एक ठेवा, एकीचा फेज उलटा करा, म्हणजे तिची लहर उलटी करा, आणि प्ले दाबा. काहीच ऐकू येत नाही. दोन्हींत तसूभर फरक असता तर तो फरक ऐकू आला असता. प्रो टूल्स मोठ्या स्टुडिओंत आणि चित्रपटांच्या कामात रुळलंय. एका स्टुडिओतलं काम उचलून दुसऱ्या स्टुडिओत नेताना त्याचा फायदा होतो, आणि तो फायदा मोठा आहे. पण आवाजाला वजन येतं ते गळ्यातून, माइकमधून, खोलीतून आणि मिक्स करणाऱ्या हातातून. तुमचं भजन तिथे भारदस्त वाटलं असेल तर श्रेय बहुधा त्या गादी लावलेल्या खोलीचं असेल.

आता मुद्द्याचं. संगीताच्या सॉफ्टवेअरचे ढोबळमानाने दोन स्वभाव असतात. काही सॉफ्टवेअर चौकटीपासून सुरू होतात: आधी टेम्पो ठरवा, चार-आठ मात्रांचा एक तुकडा बनवा, तो फिरवत ठेवा, त्यावर थर चढवा. एफएल स्टुडिओचा जन्मच तसा आहे. १९९७ साली ते फ्रूटीलूप्स या नावाने आलं तेव्हा ते ड्रमचे ठोके चौकोनांत भरण्याचं साधन होतं. आज त्यात सगळं करता येतं, पण वळण अजून तेच आहे. एबलटन लाइव्हही मूळचं तुकड्यांशी खेळणारं, रंगमंचावर वाजवायला उत्तम. दुसऱ्या स्वभावाची सॉफ्टवेअर टेपसारखी: डावीकडून उजवीकडे रेघ सरकते, माणूस गातो, वाजवतो, ते उमटत जातं. क्यूबेस, लॉजिक, प्रो टूल्स, स्टुडिओ वन, रीपर ही सगळी या घरातली.

तुमचं गाणं कुठून सुरू होतं? पेटीवर सूर धरून, दोन ओळी मोकळ्या म्हणून, मग मुखड्याला दीर ठेका धरतात, असंच ना? अंतऱ्यात जरा पुढे सरकता, समेवर येताना किंचित रेंगाळता. हे क्लिकच्या, म्हणजे सॉफ्टवेअर लय धरायला वाजवतं त्या टिकटिकीत बसत नाही आणि बसवूही नये. म्हणून तुम्हाला दुसऱ्या घरातलंच सॉफ्टवेअर हवं. क्लिक बंद, मात्रांच्या आखलेल्या चौकटीला (ग्रिडला) चिकटणं बंद, सरळ रेकॉर्ड. नंतर अरेंजरला गिटार किंवा व्हायोलिन भरायचं असेल तर दीरांनी वाजवलेल्या ठेक्यावर टेम्पोच्या खुणा मारता येतात, म्हणजे चौकट गाण्यामागून येते. ही सोय त्या सॉफ्टवेअरमध्ये किती सहज आहे, हे मात्र जरूर बघा.

बंदिशीही त्यात ठेवणार असाल तर एक गंमत सांगते. आपल्या ग्वाल्हेरची विलंबित तशी फार संथ नाही, तिलवाडा तालही चालता असतो. पण कुणी अतिविलंबित, म्हणजे फारच संथ, बारा मात्रांचा एकताल गायला बसलं तर एक-एक मात्रा चार-पाच सेकंदांची होते, म्हणजे मिनिटाला बारा-पंधरा मात्रा. एबलटनचा टेम्पो २० च्या खाली उतरतच नाही! मग तबलजी मनात करतात तेच करायचं: एका मात्रेचे चार भाग धरायचे, टेम्पो साठाच्या आसपास ठेवायचा आणि आवर्तन ४८ ठोक्यांचं मोजायचं. झपताल, रूपक यांना कुठेच अडचण नाही. दहा किंवा सात मात्रांची चौकट सगळीकडे लावता येते, फक्त सुरुवातीला चारची लावलेली असते ती बदलायला विसरू नका.

गाणाऱ्या माणसासाठी सगळ्यात जास्त महत्त्वाची सोय जाहिरातीत सहसा शेवटी असते. ती म्हणजे टेक निवडणं. मुखडा पाच वेळा म्हणायचा, पाचही टेक एकाखाली एक ठेवायचे आणि तिसऱ्यातली पहिली ओळ, पाचव्यातली दुसरी अशी निवड करून एक सलग ओळ बांधायची. ज्या सॉफ्टवेअरमध्ये हे दोन क्लिकमध्ये होतं ते तुमचं. ज्यात प्रत्येक वेळी कापाकापी करत बसावं लागतं तिथे चौथ्या गाण्याला तुम्ही कंटाळाल. पंच करणं, म्हणजे मधल्याच एका शब्दावर रेकॉर्डिंग चालू-बंद करणं, तेही किती सोपं आहे ते पाहा. अभंगात एखादा 'विठ्ठला' श्वास पुरला नाही म्हणून पडतो, तेवढ्यासाठी अख्खं कडवं पुन्हा का म्हणायचं?

सूर सुधारणाऱ्या साधनांबद्दल मात्र माझं मत थोडं कडक आहे. क्यूबेसमध्ये, लॉजिकमध्ये, एफएलमध्ये ती आत असतात, रीपरमध्येही साधंसं असतं. सहसा ती बारा पट्ट्यांच्या हिशेबाने चालतात: सूर जवळच्या पट्टीवर ओढून बसवायचा. आपल्या हजीऱ्याला ज्यांची समाधी आहे त्या तानसेनांच्या नावावर जो दरबारी राग सांगितला जातो, त्यातला आंदोलित, म्हणजे झुलता, गंधार या यंत्राला चुकलेला सूर वाटतो. एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाणाऱ्या मींडीची तर पायरी-पायरी करून टाकतं. तेव्हा एक स्वर निवडून हाताने थोडासा सरकवता येतो का, आणि मींडीला हात न लावता पुढे जाता येतं का, एवढं तपासा. आपोआप 'ट्यून' करणारं बटण तुमच्या गाण्यावर बंदच ठेवा.

पट्टी बदलण्याचं सांगते, कारण तुमचं निम्मं काम विद्यार्थ्यांसाठी आहे. लय तीच ठेवून पट्टी वर-खाली करणं आता बहुतेक सगळीकडे जमतं. झेडप्लेन नावाच्या कंपनीचं त्यासाठीचं तंत्र क्यूबेस, एफएल आणि रीपर या तिघांतही वापरलेलं आहे, म्हणजे इथेही सॉफ्टवेअर बदलून फारसं काही हाती लागत नाही. पेटी आणि तानपुरा दोन-तीन पट्ट्या हलवले तर चालून जातं. तबला चालत नाही. काळी चारमध्ये (पेटीच्या चौथ्या काळ्या पट्टीत) लावलेल्या तबल्याचा 'ना' यंत्राने काळी एकला उतरवला तर चाटीची धारच जाते आणि डग्गा गढूळ होतो. म्हणून पेटी, तानपुरा आणि तबला वेगवेगळ्या ट्रॅकवर ठेवा. मुलींसाठी काळी चार-पाच आणि मुलांसाठी काळी एक, असा दीरांकडून तबला दोन वेळा वाजवून घ्या. तबलेही दोन लागतील. जुनी पेटी असेल तर ती पियानोच्या ठरलेल्या सुरापेक्षा थोडी चढी-उतरती असते. अरेंजरला ते आधीच कळवा, म्हणजे तो आपली वाद्यं तेवढी सरकवून घेईल. दोन पट्ट्यांमधल्या अंतराचे १०० सेंट धरतात आणि ट्यूनरच्या कुठल्याही अ‍ॅपमध्ये तुमच्या पेटीचा फरक सेंटमध्ये दिसतो. मिक्सला बसल्यावर हे लक्षात आलं तर सगळं पुन्हा करावं लागतं.

आता पैसे. भाच्याचं म्हणणं खोटं नाही, लॉजिक खरंच छान आहे. पण ते विंडोजवर चालत नाही. एके काळी चालायचं. २००२ मध्ये अ‍ॅपलने ते बनवणारी कंपनीच विकत घेतली आणि विंडोजवाल्यांचा रस्ता बंद केला. मॅक आधीपासून घरात असता तर मी म्हटलं असतं, सोबत फुकट मिळणाऱ्या गॅरेजबँडवरच सुरू करा. फक्त लॉजिकसाठी मॅक घ्यायचा म्हणजे तुमचे ४५,००० तर जातीलच, वर आणखी लागतील, आणि माइकला एक रुपयाही उरणार नाही.

पेन ड्राइव्हवरची फुकट कॉपी घेऊ नका. चोरी आहे हे एक, आणि अशा कॉपीबरोबर लॅपटॉपमध्ये काय-काय शिरतं ते कुणालाच सांगता येत नाही, हे दुसरं. एफएल स्टुडिओ घ्यायचंच असेल तर विकत घ्या, त्यात एक गोष्ट फार चांगली आहे: एकदा घेतलं की पुढच्या सगळ्या आवृत्त्या आयुष्यभर फुकट. फक्त दोन खाचखळगे आहेत. त्याच्या सगळ्यात स्वस्त फ्रूटी आवृत्तीत माइकवरून गाणं रेकॉर्ड करता येतं का, ते घेण्याआधी तपासा, नाहीतर वरची आवृत्ती लागेल. आणि चाचणीसाठीच्या फुकट आवृत्तीत काम साठवता येतं, पण बंद केल्यावर विकत घेतल्याशिवाय ते पुन्हा उघडत नाही.

तुमच्यासाठी माझं मत रीपरला. एके काळी घरोघरी ज्यावर गाणी वाजायची त्या विनअँपच्या कर्त्यानेच हे बनवलंय. ६० दिवस पूर्ण वापरून बघता येतं, काहीही अडवलेलं नसतं. पुढे परवाना ६० डॉलरचा, म्हणजे साधारण पाच-साडेपाच हजार रुपये. मोठ्या मिळकतीच्या धंदेवाईकांना तो २२५ डॉलरला पडतो, पण त्याची मर्यादा वर्षाला २०,००० डॉलरची आहे, तुमच्या शिकवण्या त्यापलीकडे गेल्या तर मला पेढे पाठवा. आठ जीबीच्या लॅपटॉपवर ते हलकं चालतं. पेटी, तबला, तानपुरा, गळा आणि कोरस मिळून पंधरा-वीस ट्रॅक सहज होतात. जड पडतात ती सॅम्पलची, म्हणजे आधीच रेकॉर्ड केलेल्या सुरांवर चालणारी वाद्यं, व्हायोलिनचे ताफे वगैरे, आणि ते काम तुमच्या अरेंजरचं आहे. रीपरचे तोटेही सांगते. दिसायला रुक्ष आहे, मेनू संपता संपत नाहीत, आणि आत तयार वाद्यं जवळपास नाहीतच. तानपुरा तुम्हाला खराखुरा किंवा मशीनवरचा पाच मिनिटं रेकॉर्ड करून घ्यावा लागेल. तुमच्या हातात वाद्य आहे म्हणून मी हे सुचवते आहे. फक्त कीबोर्डवर बसून गाणी बनवणाऱ्याला मी रीपर सुचवलं नसतं.

क्यूबेस घ्यायची गरज नाही. अरेंजरला तुमचं प्रोजेक्ट लागतच नाही, त्याला हवेत स्टेम, म्हणजे प्रत्येक वाद्याची स्वतंत्र वेव्ह फाइल. सगळ्या फायली गाण्याच्या एकाच बिंदूपासून सुरू झालेल्या हव्यात, पेटी जरी चाळीसाव्या सेकंदाला येत असली तरी तिची फाइलही शून्यापासून. २४ बिट, ४८,००० चा सॅम्पल रेट ठेवा, फायलीच्या नावात वाद्य आणि पट्टी लिहा. त्याने त्या क्यूबेसमध्ये टाकल्या की आपोआप जुळतात. हे स्टेम स्वतःसाठीही जपून ठेवा, कारण सॉफ्टवेअर कधी बंद पडेल सांगता येत नाही. केकवॉक हे सॉफ्टवेअर किती जुनं आणि नावाजलेलं, तरी २०१७ च्या नोव्हेंबरात गिब्सन कंपनीने ते बंद केलं. पुढच्या वर्षी बँडलॅब या दुसऱ्या कंपनीने ते उचललं म्हणून वाचलं. वेव्ह फाइल मात्र पंचवीस वर्षांपूर्वीचीही आज उघडते.

सॉफ्टवेअरपेक्षा जास्त विचार इंटरफेसचा करा, म्हणजे माइक आणि लॅपटॉप यांच्या मधल्या डबीचा. तुम्ही आणि दीर एकत्र बसून रेकॉर्ड करणार असाल तर तबल्याला एक माइक, डग्ग्याला एक, पेटीला एक आणि गळ्याला एक, अशी चार तोंडं लागतात. दोन तोंडांची डबी स्वस्त असते, पण मग आधी कच्चं गाऊन ठेवायचं, त्यावर तबला, त्यावर पुन्हा पक्कं गाणं, असं टप्प्याटप्प्याने करावं लागतं. तुम्ही दोघं एकमेकांकडे बघत समेवर येणारी माणसं असाल तर चार तोंडांची घ्या, पैसे तिथे घाला.

दुसरं म्हणजे उशीर. हेडफोनमध्ये स्वतःचा आवाज मागून येत असेल तर लय हमखास डगमगते. सेटिंगमध्ये बफर असतो, म्हणजे लॅपटॉप एका वेळी आवाजाचा केवढा तुकडा साठवून पुढे देतो ते माप: ४८,००० वर २५६ चा बफर म्हणजे सुमारे ५ मिलिसेकंद, १,०२४ चा म्हणजे २१, आणि जाता-येता मिळून तो दुपटीहून थोडा जास्तच होतो. गाताना बफर लहान ठेवा, मिक्स करताना मोठा. विंडोजवर इंटरफेसच्या कंपनीचा स्वतःचा आसिओ (ASIO) ड्रायव्हर, म्हणजे डबी आणि लॅपटॉप जोडणारा छोटा प्रोग्राम, टाका, विंडोजच्या साध्या ड्रायव्हरवर राहू नका. बऱ्याच इंटरफेसवर थेट ऐकण्याचं बटणही असतं, ते दाबलं की उशिराचा प्रश्नच मिटतो. खोक्यात एबलटन लाइव्ह लाइट किंवा क्यूबेसची छोटी आवृत्ती सोबत येते का तेही बघा. मोजकेच ट्रॅक मिळतात, पण फुकट आहे, हात लावून बघायला काय हरकत?

माइक डायनॅमिक घ्या, कंडेन्सर नको. कंडेन्सर नाजूक ऐकतो हे खरं, पण लष्करात लग्नसराईत बँड वाजला की तोही तितकाच नाजूक ऐकतो. आपल्या जुन्या वाड्यांच्या खोल्या दगडी आणि उंच छताच्या, त्यांत घुमतंही फार. साड्यांचं कपाट उघडं ठेवून त्याच्याकडे पाठ करून गा, समोर माइकच्या मागे एक रजई टांगा. कूलर आणि पंखा बंद, म्हणजे मे-जूनमध्ये पहाटेच बसावं लागेल. वीज गेली तरी लॅपटॉप चालतो, पण इन्व्हर्टरवर चार्जर लावून रेकॉर्ड करू नका, बारीक घूं-घूं येतं आणि ते नंतर काढता काढता जीव जातो. चार्जर काढायचा आणि मग गायचं.

इंग्रजीची चिंता सोडा. रोज लागणारे शब्द वीस-पंचवीस आहेत, आणि ते दाखवायला तुमच्याकडे तो पेन ड्राइव्हवाला मुलगा आहेच. त्याची कॉपी नको, पण त्याला हाताशी धरा. जो माणूस संध्याकाळी घरी येऊन अडलेलं सोडवून देतो, त्याला माझ्या हिशेबात फार वरचं स्थान आहे. त्याला एफएलवर ठोके बनवायला आवडत असतील तर बनवू दे, त्याची वेव्ह फाइल तुमच्या रीपरमध्ये सुखाने बसेल.

त्या ६० दिवसांत एकच गाणं शेवटपर्यंत न्या. मोकळ्या आलापाने सुरू होणारं भावगीत पहिल्यांदा घेऊ नका, केरव्यातला एखादा सरळ अभंग घ्या, तीन कडव्यांचा. रेकॉर्ड करा, टेक निवडा, स्टेम काढा आणि पुण्याच्या अरेंजरला पाठवा. त्याच्याकडे सगळ्या फायली न हलवता जुळल्या तरच परवान्याचे पैसे भरा.